कीप काम

गेल्या वर्षी नणंदेची मुलगी लीड्सहून आली, तेव्हा आमच्यासाठी चहाचे दोन मोठे कप घेऊन आली. लालभडक रंग, वर पांढरा राजमुकुट आणि त्याखाली पाच इंग्रजी शब्द. सासूबाईंना चष्मा सापडत नव्हता म्हणून तिनंच वाचून दाखवलं, "कीप काम अँड कॅरी ऑन, आजी."

सासूबाईंनी त्यातलं 'काम' तेवढं ऐकलं. "काम करत राहा म्हणतंय होय? ते आम्हाला कपानं सांगायला पाहिजे काय?"

आम्ही सगळे हसलो. भाचीनं समजावलं, की हा 'काम' इंग्रजी आहे, म्हणजे शांत. शांत राहा आणि आपलं चालू ठेवा. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडत होते, तेव्हा सरकारनं हे पोस्टर भिंतीभिंतीवर लावलं होतं म्हणे, आणि लोक ते वाचून धीर धरायचे. तिकडं शाळेतल्या पोरांनाही हे ठाऊक असतं. सासूबाई म्हणाल्या, "तेच की गं. गप्प बसा आणि काम करा."

त्यांचं भाषांतर चुकलं, असं मला त्या दिवशी वाटलं. नंतर त्या पाच शब्दांच्या मागे लागले. जे मिळेल ते वाचलं, आणि आता वाटतं की घरातल्या सगळ्यांत सासूबाईंनीच तो कप बरोबर वाचला.

पहिली गोष्ट ही, की ते पोस्टर युद्धाच्या काळात लोकांसमोर जवळजवळ आलंच नाही. १९३९ साली युद्ध तोंडावर आलं, तेव्हा ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यानं तीन पोस्टरं तयार करवून घेतली. हे त्यातलं तिसरं. जबर बॉम्बहल्ले झाले, शत्रू दारात आला, तर लावायचं म्हणून याच्या चोवीस लाखांहून जास्त प्रती छापून राखून ठेवल्या होत्या. बॉम्बहल्ले झाले, शहरं जळाली, तरी ते बाहेर काढलं नाही. १९४० मध्ये कागदाची टंचाई झाली तेव्हा त्यातल्या बहुतेक प्रती लगद्यात गेल्या. पुढं साठ वर्षं कुणाला त्याची आठवणही नव्हती. २००० साली इंग्लंडच्या उत्तरेकडच्या अ‍ॅन्विक गावात जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला लिलावात घेतलेल्या खोक्याच्या तळाशी एक प्रत मिळाली. त्यानं चौकट करून ती दुकानात लावली. गिऱ्हाइकं विचारायला लागली, म्हणून नकला छापल्या. आणि आज ते शब्द कपावर, उशीच्या अभ्र्यावर, टॉवेलवर, आणि बेळगावात माझ्या ओट्यावर.

ते बाहेर का काढलं नाही? कारण आधीची दोन लावून झाली होती, आणि लोकांना ती आवडली नव्हती. त्यातल्या एकावर लिहिलं होतं: तुमचं धैर्य, तुमचा आनंदीपणा, तुमचा निर्धार आपल्याला विजय मिळवून देईल. मी इथं 'आपल्याला' लिहिलं, पण आपल्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे असतात तसे इंग्रजीत नसतात. तिथं 'अस' एवढाच शब्द होता, आणि वाचणाऱ्यांनी त्याचा अर्थ 'आम्हाला' असा घेतला. तुमचं धैर्य, आमचा विजय. तुम्ही सोसा, आम्ही जिंकतो. त्या काळी सामान्य माणसांची मतं टिपून ठेवणारी मास ऑब्झर्वेशन नावाची एक संस्था होती, तिच्याही कानावर ही कुरकुर आली. म्हणजे ज्या पिढीच्या सोशीकपणाचे आज कप निघतात, त्या पिढीनं सरकारचा हा उपदेश वाचून नाक मुरडलं होतं. स्वयंपाकघरात जिला कुणी 'तू फार सहनशील आहेस हं' म्हणून पुन्हा तेच ताट पुढं सरकवलंय, त्या प्रत्येक बाईला ही कुरकुर समजेल.

आता कुणी म्हणेल, की हा तर दुकानदारीचा खेळ, यात सरकार कुठं आलं? खरं आहे. कप सरकारनं काढला नाही. पण कप खपला त्याचं कारण असं, की त्या युद्धाची एक ठरावीक आठवण तिकडं वर्षानुवर्षं मशागत करून ठेवलेली आहे. तिला 'ब्लिट्झ स्पिरिट' म्हणतात. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ एवढ्या काळात बॉम्बहल्ल्यांत ब्रिटनमध्ये चाळीस हजारांहून जास्त नागरिक मेले. त्यांची आठवण ठेवली जाते ती अशी: राजापासून हमालापर्यंत सगळे एक झाले, कुणी कुरकुरलं नाही, विटांच्या ढिगाऱ्यावर बसून लोकांनी चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. सरकारला गरज पडेल तेव्हा ही आठवण फडताळातून काढता येते. मार्च २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा तिथले आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून लोकांना आजी-आजोबांच्या त्या दिवसांची आठवण दिली. एप्रिलमध्ये राणी एलिझाबेथ दूरदर्शनवर बोलल्या. लहानपणी १९४० साली घरापासून दूर पाठवलेल्या मुलांसाठी आपण रेडिओवर बोललो होतो, ते त्यांनी सांगितलं आणि शेवटी त्या काळच्या एका लोकप्रिय गाण्याची ओळ आठवेल अशा शब्दांत निरोप घेतला. राणीचं भाषण मी ऐकलंय, डोळ्यांत पाणी आलं होतं हेही कबूल करते. त्याच दिवसांत तिथल्या दवाखान्यांतल्या नर्सेस अंगावर कचऱ्याच्या पिशव्या चढवून काम करत होत्या, कारण संरक्षक कपडे पुरत नव्हते. आजी-आजोबांनी बॉम्ब सोसले म्हटल्यावर नातीनं झग्यासाठी तक्रार करायची म्हणजे लाजच की!

म्हणून त्या आजी-आजोबांनी नेमकं काय केलं, ते पाहावंसं वाटलं. अँगस काल्डर नावाच्या इतिहासकारानं १९९१ साली 'द मिथ ऑफ द ब्लिट्झ' हे पुस्तक लिहिलं. मिथ म्हणजे खोटं नव्हे, हे तो आधीच बजावतो, आणि मलाही ते पटतं. लोक खरोखर धीरानं वागले. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना वाचवलं, बायकांनी रात्र तळघरात काढून सकाळी कारखान्यातली पाळी केली. यातलं काही रचलेलं नाही. प्रश्न आहे तो निवडीचा. तांदूळ निवडताना खडे टाकायचे असतात. इथं खडे ठेवून तांदूळ टाकलेत असं नाही, पण तांदळाबरोबर आणखीही काही होतं, ते कुणीतरी वेचून बाजूला ठेवलंय.

उदाहरणार्थ, भुयारी रेल्वेची स्टेशनं. लंडनच्या लोकांनी त्या खोल स्टेशनांत रात्री काढल्या, त्याची छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिलीत. फलाटावर ओळीनं झोपलेली माणसं, कडेला चहाचे पेले. एकजुटीचं चित्र म्हणून ते दाखवतात. पण स्टेशनं निवाऱ्यासाठी वापरू द्यायची नाहीत, असं सरकारनं ठरवून ठेवलं होतं! एक कारण वाहतुकीचं. दुसरं असं, की लोक एकदा खोल सुरक्षित जागी गेले की वर यायचे नाहीत, कामावर जायचे नाहीत, अशी भीती. (सासूबाईंचा 'काम' इथं पुन्हा भेटला.) लोकांनी काय केलं, तर दीड पेनीचं तिकीट काढलं, प्रवासी म्हणून खाली उतरले आणि फलाटावरून हलायला तयारच झाले नाहीत. नाइलाजानं सरकारला परवानगी द्यावी लागली. सप्टेंबर १९४० मध्येच फिल पिराटिन नावाच्या कम्युनिस्ट नगरसेवकाबरोबर ईस्ट एंडच्या गरीब वस्तीतले लोक, त्यांत बायका आणि मुलंही, थेट सॅव्हॉय या पंचतारांकित हॉटेलात शिरले. तुमच्या श्रीमंत पाहुण्यांना पक्कं तळघर आहे, तर आम्हालाही निवारा द्या, म्हणून. भोंगा वाजला आणि हॉटेलला त्यांना घ्यावं लागलं. तिथं चहाच्या दरावरूनही घासाघीस झाली म्हणतात. ती वाचून मला बरं वाटलं. या माणसांना मी ओळखते, भाजी मंडईत रोज भेटतात.

म्हणजे ते लोक शांत राहिले नाहीत. हटून बसले, भांडले, मागितलं आणि मिळवलं. युद्ध संपता संपता १९४५ च्या निवडणुकीत त्यांनी खुद्द चर्चिलना घरी बसवलं, आणि १९४८ मध्ये सगळ्यांना मोफत उपचार देणारी आरोग्यसेवा उभी राहिली. पुढं कचऱ्याच्या पिशव्या घालून जिथं काम करावं लागलं, तीच ही सेवा. आजी-आजोबांचा वारसाच सांगायचा तर हा भांडण्याचा वारसाही सांगायला हवा. तो कपावर येत नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, ती. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये बेथनल ग्रीन नावाचं भुयारी स्टेशन आहे. ते युद्धकाळात पुरतं बांधून झालं नव्हतं, म्हणून निवारा म्हणून वापरत. आत जायला रस्त्यावरून एकच दार. खाली उतरणारा एकोणीस पायऱ्यांचा जिना, मधे कठडा नाही, अंधारबंदीमुळं एक मिणमिणता दिवा. हे दार धोक्याचं आहे, गर्दी झाली तर आवरणार नाही, म्हणून तिथल्या नगरपालिकेनं १९४१ मध्ये ते बदलून घ्यायची परवानगी मागितली होती. वरच्या अधिकाऱ्यांनी खर्च नको म्हणून नाकारली.

३ मार्च १९४३. पावसानं पायऱ्या ओल्या होत्या. दोन दिवसांपूर्वी ब्रिटिश विमानांनी बर्लिनवर मोठा हल्ला केला होता, त्यामुळं आज बदला घ्यायला येणार ही भीती सगळ्यांच्या मनात. रात्री आठच्या सुमारास भोंगा झाला. लोक निघाले, बायका पोरांना काखेत मारून, अंथरुणाच्या वळकट्या घेऊन. एवढ्यात जवळच्या व्हिक्टोरिया पार्कातून कानठळ्या बसवणारा आवाज आला. तो बॉम्ब नव्हता. सैन्यानं तिथं विमानविरोधी अग्निबाणांची नवी तोफ बसवली होती, तिचा होता. लोकांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. गर्दी जिन्याकडे लोटली. तळाशी कुणीतरी बाई अडखळून पडली, तिच्यावर मागचा, त्याच्यावर त्याच्या मागचा. वरून लोक येतच राहिले, कारण खाली काय झालंय ते वर दिसत नव्हतं. काही मिनिटांत १७३ माणसं गुदमरून मेली. २७ पुरुष, ८४ बायका, ६२ मुलं. त्या रात्री तिथं एकही बॉम्ब पडला नाही.

सरकारनं दुसऱ्या दिवसापासून काय केलं? जागेचं नाव न घेता बातमी येऊ दिली. जे वाचले, ज्यांनी प्रेतं ओढून काढली, त्यांना बोलू नका म्हणून सांगितलं. लॉरेन्स डन या न्यायाधीशांकडून चौकशी करवून घेतली. त्यांनी महिन्याभरात अहवाल दिला. तो युद्ध संपत येईपर्यंत, जानेवारी १९४५ पर्यंत, कुलपात राहिला. शत्रूला बळ मिळेल हे कारण. तोवर लोकांनी आपल्या परीनं दोषी शोधले होते. कुणी म्हणालं नगरपालिकेचा हलगर्जीपणा, कुणी म्हणालं ज्यूंनी घबराट पसरवली. आपण परवानगी मागितली होती आणि ती नाकारली गेली, हे नगरपालिकेला उघडपणे सांगताही आलं नाही. मधे बसवायचा कठडा मात्र अपघातानंतर लगेच बसवला. म्हणजे तो बसवता येत होता.

त्या ठिकाणचं स्मारक पुरं व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. वाचलेल्यांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी वर्गणी जमवून ते उभं केलं. उलट्या टांगलेल्या जिन्यासारखं आहे ते. त्यातल्या कित्येकींनी आयुष्यभर घरातसुद्धा हे सांगितलं नव्हतं. बोलू नका म्हटलं होतं ना! यालाही 'शांत राहणं'च म्हणायचं.

मला वाटतं, सरकारं युद्धाचा इतिहास बदलतात म्हणजे दर वेळी खोटं सांगतात असं नव्हे. खोटं पकडता येतं. ती लोकांचे गुण ठेवून घेतात आणि स्वतःचे दोष वगळतात. चौऱ्याऐंशी बायकांचा धीर हवा असतो, पण एका नाकारलेल्या कठड्याचा कागद नको असतो. आणि मग तो धीर पुढच्या पिढीला उसना न देता थेट वसुलीला लावतात: त्यांनी सोसलं, आता तुम्ही सोसा.

वगळण्याचा आणखी एक प्रकार आमच्या गावाला लागून आहे, म्हणून सांगते. १९४० साली फ्रान्स पडल्यावर 'ब्रिटन एकटा लढला' हे तिकडचं आवडतं वाक्य. आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून आहे. कॅम्पातून जाताना सकाळी कवायतीचे आवाज येतात. याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये इटलीत लढताना मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्य पंचवीस लाखांवर गेलं होतं, आणि सुमारे ८७,००० मेले. एकटा कसला? आणि बेथनल ग्रीनच्याच वर्षी, १९४३ मध्ये, बंगालात दुष्काळानं सुमारे तीस लाख माणसं गेली. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारनं त्याआधी खेड्यांतल्या नावा आणि तांदूळ काढून घेतले होते. धान्यासाठी जहाजं द्या म्हणून दिल्लीहून पुन्हा पुन्हा मागणी गेली, ती लंडननं बहुतेक फेटाळली. एका कपावर एवढं मावणार नाही हे मला कळतं. पण एका मुकुटाखाली ते सगळं घडलं होतं.

इथपर्यंत लिहिलेलं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरातलं बरं दिसतंय तुला."

त्यांचं बरोबर होतं. मार्च २०२० मध्ये आपल्या पंतप्रधानांनीही जनता कर्फ्यूच्या भाषणात युद्धाच्या वेळच्या ब्लॅकआउटची आठवण काढली होती. काचांना कागद लावायचे, दिवे बंद ठेवायचे, तरुणांना ठाऊक नसेल म्हणाले. मग थाळ्या वाजल्या. आम्हीही गच्चीवर जाऊन वाजवल्या, आणि मनापासून. तीन दिवसांनी ते म्हणाले, महाभारताचं युद्ध अठरा दिवसांत जिंकलं, हे एकवीस दिवसांत जिंकू. युद्ध म्हटलं की एक सोय होते. युद्धात प्रश्न विचारत नाहीत. हमरस्त्यावरून डोक्यावर बोचकं घेऊन चाललेली माणसं टीव्हीवर दिसायला लागली, तेव्हा एवढी माणसं आपल्या गावी कशी पोचणार याचा विचार कुणी केला होता का, असं विचारणारा माणूस रसभंग करणारा वाटू लागला. ब्रिटननं निदान उशिरा का होईना चौकशी बसवली. जुलै २०२४ मध्ये तिचा पहिला अहवाल आला आणि आपली तयारीच चुकीच्या साथीसाठी होती, हे त्यात लिहिलेलं आहे.

पण सासूबाईंच्या मनात २०२० नव्हतं, १९६२ होतं. त्यांच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चीनचं आक्रमण झालं, राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी गावोगाव सभा झाल्या आणि बायकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं. सासूबाईंनी माहेरची एक पाटली दिली. जोडीतली एकच, कारण दुसरी आजेसासूबाईंनी हाताला धरून ठेवली. बेळगाव तेव्हा म्हैसूर राज्यात गेलेलं, तरी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला निघाले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं इथल्या प्रत्येक मराठी घरात म्हटलं गेलं. आजही त्या युद्धाचा विषय निघाला की भाषणांत दोन गोष्टी हमखास येतात: बर्फात अपुऱ्या कपड्यांनी लढलेले जवान आणि बांगड्या देणाऱ्या माता-भगिनी. दोन्ही खरं आहे. सासूबाईंची पाटली तर मी एकटी राहिलेली पाहिलीये.

पण जवानांचे कपडे अपुरे का होते? याची चौकशी झाली होती. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी १९६३ मध्ये अहवाल दिला. चव्हाणांनी लोकसभेत त्याच्याबद्दल निवेदन केलं, पण अहवाल दिला नाही. त्याला साठ वर्षं उलटली. मधे किती पक्ष आले आणि गेले. विरोधी बाकांवर असताना तो उघड करा म्हणणाऱ्या भाजपचं सरकार आलं आणि जुलै २०१४ मध्ये राज्यसभेत संरक्षणमंत्री अरुण जेटली यांनी तो उघड करणं राष्ट्रहिताचं नाही, असं सांगितलं. याआधीची काँग्रेसची सरकारंही हेच सांगत आली होती. एरवी ज्यांचं नळाच्या पाण्यावरही एकमत होत नाही, त्यांचं इथं होतं. इंग्रजांनी बेथनल ग्रीनचा अहवाल दोन वर्षं दडवला म्हणून मी एवढा राग राग केला!

आपल्या दिगंबर घरांत आलोचना पाठ म्हणतात. बाहेर आलोचना म्हणजे दुसऱ्यावर टीका. आपल्याकडे ती स्वतःच्या दोषांची. मी काय केलं, कुणाला दुखवलं, ते आपल्याच तोंडानं सांगायचं. याच्या उलट टोकाला प्रशस्ती. ही आपल्याकडं नाही असं नव्हे. काही वर्षांपूर्वी आम्ही महिला मंडळाच्या बायका खंडगिरी-उदयगिरीच्या यात्रेला गेलो होतो. हाथीगुंफेचा खारवेल राजाचा लेख अरिहंत-सिद्धांना नमस्कार करून सुरू होतो, म्हणून आम्ही सगळ्यांनी हात जोडले. पुढं त्यात वर्षावर्षानं कुणावर स्वारी केली, कुणाला नमवलं याची जंत्री आहे, ते मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. कुणाचे हत्ती कुणावरून गेले, ते त्यात नाही.

तिथून जवळच धौली आहे, तिथंही गेलो. सम्राट अशोकाला कलिंगच्या युद्धाचा पश्चात्ताप झाला, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. एक लाख मेले, दीड लाख लोक धरून नेले, असं त्यानं स्वतः शिलालेखात कोरून ठेवलं. एवढा हिशेब देणारा राजा दुसरा सापडणं कठीण, आणि त्याचं मोठेपण मी कमी करत नाही. पण तो तेरावा लेख आहे गिरनारला, कालसीला, पार वायव्येकडं शाहबाजगढीला. कलिंगात, म्हणजे धौलीला आणि जौगडला, जिथली माणसं मेली तिथं, तो लेख कोरलेला नाही. त्याच्या जागी दुसरे दोन आहेत. सर्व माणसं माझी लेकरं आहेत, अधिकाऱ्यांनी न्यायानं वागावं, अशा अर्थाचे. शहाणा कारभार म्हणूनच तसं केलं असेल. जखमेवर बोट कशाला ठेवा. तरी पर्युषण संपल्यावर क्षमावाणीला आपण ज्याच्याशी वाकडं वागलो त्याच्याच दारात जातो, शेजारच्या गल्लीत जाऊन क्षमा मागत नाही.

हे दिल्लीच्या लोकांनी वाचावं म्हणून लिहिलेलं नाही, ते वाचणारही नाहीत. आपल्या मंडळात पंधरा ऑगस्टला, विजय दिवसाला कुणीतरी मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवतं, आपण टाळ्या वाजवतो. त्यात त्यागी माता आली, की मी आता मनात विचारते: हिचं नाव काय, तिनं काय मागितलं होतं, ते तिला दिलं का?

सासूबाईंच्या पाटलीची पावती अजून आहे. जुन्या पूजेच्या वहीत, घडीवर फाटलेली. वजन लिहिलंय, सही आहे, शाई तपकिरी झालीये. गेल्या महिन्यात त्यांनी ती काढून मला दाखवली आणि त्या अहवालात काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, तो अजून दाखवत नाहीत, आई. त्यांनी पावती पुन्हा घडी करून वहीत ठेवली आणि म्हणाल्या, "मग ही फेकू नको. आणि तो लाल कप दे इकडं, चहा थंड व्हायलाय."